अंगठ्याखाली उरलेलं

दुकानातल्या मुलीनं पुस्तकं वाचायच्या यंत्राच्या पडद्याच्या कोपऱ्याला बोट लावलं आणि तळाशी एक आकडा उमटला. एकोणनव्वद टक्के. "हे काय?" मी विचारलं. "किती वाचून झालं ते, काका. म्हणजे शेवट किती जवळ आलाय ते सारखं दिसत राहतं," ती म्हणाली, आणि अशी हसली, जणू खरेदीवर एखादी वस्तू फुकट देतेय. दुकान गार होतं, औषधं ठेवतात त्या कपाटासारखं, आणि मी दोन्ही हात खिशात घालून उभा राहिलो. उभा जन्म मी पुस्तकं बांधली. एक तर इतकं जाड बांधलं होतं, की खळ वाळेपर्यंत शेजारची मांजर त्याच्या पाठीच्या पोकळीत व्याली आणि गिऱ्हाईक पिल्लांसकट पुस्तक घेऊन गेलं; खोटं वाटत असेल तर त्या मांजरीला विचारा. पण इतक्या पुस्तकांपैकी एकानंही असं तोंडावर काही सांगितलं नव्हतं. पुस्तकाला जाडी असते आणि जाडीला लाज असते. ती ज्याची त्यानं अंगठ्यानं चाचपायची, आणि चाचपून गप्प बसायचं.

"मामा, आकड्याचं सोड, वजन बघ," भाचा म्हणाला. अक्काचा मुलगा. लांब असतो, आठवड्याभरासाठी आला होता, आणि आल्यापासून त्याला काहीतरी दुरुस्त करायचं होतं. नळ झाला, दाराची कडी झाली, आता आईचं वाचन. त्यानं फोनवर लोकांची मतं वाचली होती आणि तो मला ती परीक्षेच्या आदल्या दिवशी म्हणून दाखवावीत तशी म्हणून दाखवत होता: हा मोठा, पण बसमध्ये एका हातात धरवणार नाही, हा मधला, ह्याचा पडदा उन्हात चमकत नाही, खिडकीजवळ बसलं तरी कागदासारखा दिसतो, हा स्वतःच वाचून दाखवतो. शेवटचं त्यानं जरा थांबून म्हटलं. "म्हणजे तुझ्या घशालाही आराम." मी घसा खाकरला. माझ्या घशाला आरामाची गरज आहे असं आजवर कुणालाच वाटलेलं नाही, तो कायमचा बसावा म्हणून मात्र लोकांनी नवस केलेत.

हे सगळं त्या नर्सपायी. दिवसाआड मी अक्काला बसनं हॉस्पिटलात नेतो. साखरेनं आधी तिचे डोळे नेले, मग किडन्या. तिथं तिला चार तास यंत्राला जोडतात, एका नळीतून रक्त जातं, दुसरीतून परत येतं, आणि ती पडल्या पडल्या छातीवर पुस्तक धरून ठेवते. वाचायचं मी, जाता येता बसमध्ये, धरायचं तिनं. परवा नर्सनं ते वीटभर पुस्तक तिच्या हातातून काढून घेतलं. "आजी, सुईच्या हातावर वजन चालणार नाही. नस बंद पडली तर नवी कुठून आणू?" अक्काची बोटं थोडा वेळ हवेत तशीच राहिली, अंगठा एकीकडे, चार बोटं एकीकडे, मध्ये पुस्तकाएवढी पोकळी. मला त्या पोकळीकडे बघवेना. मी नर्सला म्हणालो, की मी एकदा एक पुस्तक इतकं हलकं बांधलं होतं की ते छताला जाऊन चिकटलं. ती हसली नाही. संध्याकाळी हे भाच्याच्या कानावर गेलं आणि त्यानं लगेच फोन काढला.

अक्का पूर्वी वाचनालयात नोकरीला होती. काउंटरच्या पलीकडे, शिक्का हातात. पान दुमडलेलं पुस्तक परत आलं, तर वाचकाच्या कानाकडे अशी बघायची की त्याला वाटावं, आता हा दुमडणार. लहानपणापासून माझी प्रत्येक थाप तिनं पकडली. मला 'बंडल्या' हे नाव तिचंच, बाइंडिंगच्या कामाला लागण्याच्या कितीतरी आधीचं. वडील मारायचे, आई रडायची, अक्का मात्र नुसतं विचारायची, "मग पुढं काय झालं?" आणि मी पुढचं सांगता सांगता अडकायचो. पुढचं विचारणाऱ्यासमोर खोटं बोलणं फार अवघड. तर डोळे गेले तेव्हा ती एका जाडजूड कादंबरीच्या मध्यावर होती. नदीकाठची गोष्ट. एक नावाडीण, तिची होडी, आणि वरच्या अंगाला बांधला जाणारा पूल. पूल झाला की होडी बंद. खूण जागेवर होती, डोळे नव्हते. पुढं किडन्या गेल्या, डॉक्टरांनी यंत्राचं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "हे पुस्तक संपेपर्यंत येईन. बंडल्या, तू वाच. संपलं की बास. मग मला कुणी ओढत न्यायचं नाही." मी हो म्हणालो. भाच्याला फोनवर तिनं हेच सांगितलं, त्यालाही हो म्हणावं लागलं. ती असं बोलते तेव्हा समोरचा हो म्हणतोच.

आता मी काही वेडा नाही. घरी आलो, पुस्तक टेबलावर उताणं ठेवलं, शिवण उसवली आणि शेवटचे फर्मे काढून खळीच्या डब्याखाली ठेवून दिले. फर्मा म्हणजे एकच मोठा कागद, तीनदा घडी घातलेला, सोळा पृष्ठांचा. असे फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक होतं. लोकांना वाटतं पुस्तक शब्दांचं असतं. ते घड्यांचं असतं. काढलेल्या फर्म्यांच्या जागी मी रद्दीतले दुसरे बसवले, कुठलं तरी शेतीचं, कुठलं तरी कायद्याचं, कागद तेवढा जुळवून घेतला. आणि बसमध्ये, छापलेलं संपलं तसं, मी आपलं वाचत राहिलो. नावाडीण होतीच, नदी होती, पूल होता. फक्त पूल पुरा होऊ द्यायचा नव्हता, एवढंच काम. पहिल्यांदा खांब खचला. मग पूर आला. मग ठेकेदार मुकादमाची बायको पळवून घेऊन गेला आणि काम वर्षभर बंद. इंजिनिअरला मी आधी ताप आणला, तो बरा होतोय असं वाटल्यावर नदीत बुडवला. "हा पूल कोण बांधतंय रे? तुझे दोस्त का?" अक्का म्हणायची. पुढच्या सीटवरची एक बाई एकदा उतरायचं विसरली. तिला मुकादमाच्या बायकोचं पुढचं हवं होतं. असेच दिवस गेले, ऋतू गेले. अक्का पुस्तक मांडीवर घ्यायची आणि उजव्या अंगठ्यानं उरलेली जाडी दाबून बघायची. ती फार कमी होतेय असं वाटलं की मी रविवारी एखादा फर्मा मागं घुसवायचो. एकदा ती अंगठा तसाच ठेवून म्हणाली, "ह्या पुस्तकालाही सूज येते का रे, माझ्या पायांसारखी? परवा उतरली होती, आज पुन्हा आहे." मी म्हणालो, दमट हवा आहे, कागद पाणी पितो. "पिऊ दे," ती म्हणाली. "मला कुठे प्यायला देतात." तिला दिवसाचं पाणी मोजून मिळत असे.

आणि आता हे एकोणनव्वद टक्के. दुकानातल्या मुलीनं ते बोलणारं यंत्र चालू केलं. कुठल्याशा गोष्टीतलं एक मरण त्यानं भाजीचे भाव सांगावेत तसं सांगितलं आणि श्वास न घेता पुढच्या परिच्छेदात गेलं. "अडखळतंय आपल्या भाषेत," भाचा नाराजीनं म्हणाला. मला त्या यंत्राची भीती वाटली. हे अक्काच्या कानाशी लागलं तर चार दिवसांत नदीवर पूल बांधून मोकळं होईल. कारण भाचा त्यात तेच पुस्तक चढवून देणार होता, अख्खं, छापलंय तसं, बुडालेला इंजिनिअर त्यात धडधाकट असणार. "नको," मी म्हणालो. "हे खोकत नाही. अक्काला कळायचं कसं की माणूस वाचतोय?" "मामा, अरे, माणूस वाचणारच नाहीये." "तेच म्हणतोय मी." मुलीनं मधला पुढं केला. ह्याला कडेला पानं उलटायची बटणं आहेत काका, बस आदळली तरी चुकून पान उलटत नाही; वजन तर फोनहूनही कमी. मी हातात घेतला. खरंच काही नव्हतं. पहिलं पान उघडलं, मग शेवटचं उघडायला सांगितलं. जाडी तीच. हजार पानांचं पुस्तक घेतलं, जाडी तीच. काहीच नसलेलं, रिकामं यंत्र, जाडी तीच. आणि तेव्हा, त्या गारठ्यात, हे मला आधी कसं सुचलं नाही असं वाटून मी जवळजवळ ओरडलोच. रविवारची शिवण नको, रद्दी नको, दमट हवा नको. मागं काही नाही, पुढं काही नाही, बोटाला काही सापडणारच नाही. हे तर संपताच न येणारं पुस्तक. माझ्यासाठीच कुणीतरी बनवलं होतं. "तो खालचा आकडा घालवता येतो का?" मी विचारलं. "येतो की," मुलगी म्हणाली. "पण लोक सहसा घालवत नाहीत, काका. किती राहिलं ते कळलं की बरं वाटतं लोकांना." "मला नाही वाटत," मी म्हणालो. तिनं दोनदा टिचकी मारली. आकडा गेला. असा सहज गेला की मला वाटलं, जगात कुठल्याही आकड्याचं इतकंच असतं.

भाचा परत गेला. जाताना त्यानं आईच्या हातात यंत्र ठेवलं, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते तिला दिसत नसल्यामुळे त्यानं ते पुसलं नाही. पुढच्या फेरीला आम्ही नेहमीच्या सीटवर बसलो. खिडकीतून ऊन येत होतं आणि पडदा खरोखरच चमकत नव्हता. मी नदी चालू केली. नवा इंजिनिअर आणला, त्याला चष्मा दिला. अक्कानं हात पुढं केला. "बघू." तिनं यंत्र उलटंसुलटं केलं, कडांवरून बोट फिरवलं, मग ते उजव्या हातात धरून अंगठा दाबला. मग डाव्या. "कुठवर आलोय?" "चाललंय की. पूल अजून खांबांवरच आहे." "तसं नाही. मागं किती, पुढं किती?" "ह्यात ते कळत नाही अक्का. तीच तर सोय आहे. हातावर वजन नाही, काही नाही." कंडक्टर येऊन गेला, शाळेची पोरं चढली, उतरली. तिनं यंत्र मला परत दिलं, आणि मी वाचत राहिलो तेव्हा पहिल्यांदाच मला वाटलं की ऐकणारं कुणी नाही. हॉस्पिटलात तिनं हात पोटावर ठेवले. नर्स म्हणाली, "छान, आता कसं मोकळं वाटतं ना आजी?" अक्का म्हणाली, "हो. काहीच नाही हातात." मी ते ऐकलं आणि वर छताकडे बघितलं, तिथं माझं हलकं पुस्तक कुठे चिकटलंय का ते. तिसऱ्या का चौथ्या फेरीला मी तिला घ्यायला तिच्या घरी गेलो, तर ती पलंगावर बसली होती, पाय जमिनीवर, चपला कोपऱ्यात. "आज नाही," ती म्हणाली.

"बस निघून जाईल अक्का." "जाऊ दे." "अगं पुस्तक राहिलंय." "ते राहणारच आहे," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिचा आवाज काउंटरवरही कधी चढला नाही. "बंडल्या, चार तास मी तिथं काय करते माहीत आहे तुला? अंगठ्याखाली धरते. एवढं उरलं. मग एवढं. सुई टोचताना, पाय आखडतात तेव्हा, ती पलीकडची बाई ओरडते तेव्हा. एवढंच सोसायचंय, हे हातात असलं की माणूस सोसतो. तुझ्या त्या पाटीला ना पाठ ना पोट. शेवट नसलेलं कसं सोसायचं रे?" मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. एरवी तोंड उघडलं की काहीतरी येतंच; विहिरीत पोहरा सोडल्यासारखं ते आहे, रिकामा कधी आला नाही. त्या दिवशी आला. तिचे घोटे सुजायला लागले होते, चादरीच्या कडेखाली दिसत होते. ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मला आठवलं ते भलतंच. लहानपणी आम्ही दोघं गावाबाहेरच्या विहिरीवर जायचो, आणि ती दगड टाकून, बुडाल्याचा आवाज येईपर्यंत श्वास रोखून धरायची. एकदा मी गंमत म्हणून दगड टाकलाच नाही, नुसता हात हलवला. ती श्वास रोखून उभी. चेहरा लाल झाला, निळा झाला, तरी थांबली. शेवटी मीच घाबरून दोन-तीन दगड एकदम टाकले.

पुढची फेरीही बुडाली. तिचा श्वास उथळ झाला होता, उशा रचून बसवावं लागत होतं. भाचा फोनवर रडला, मग ओरडला, मग म्हणाला, "मामा, तू काहीतरी सांग तिला, तुला येतं." मला येतं! मी दुपारी घरी येऊन खळीच्या डब्याखालचे खरे फर्मे काढले. तेच न्यावेत, खरं तेच वाचावं, असं मनात होतं. पण पहिल्याच पृष्ठावर तो इंजिनिअर, मी बुडवलेला, कोरडा ठणठणीत, टोपी घालून उभा. मुकादमाची बायको घरातच. छापलेला शेवट आता माझ्या पुस्तकाला बसत नव्हता. दुसऱ्याच्या मापाचं झाकण. ते फर्मे मी परत ठेवले. कपाटात कोरा कागद होता, जुना, जाडसर, चांगला. एक मोठा ताव घेतला. एक घडी. दुसरी. तिसरी. हाडाच्या पट्टीनं दाबून कडा बसवल्या. घडी सरळ आली. हातांना माझ्याहून जास्त समजतं. आरीनं भोकं पाडली, दोरा ओवला, गाठ मारली, कडा कापल्या. सोळा कोरी पृष्ठं, आठ पानं. आणखी एक ताव घ्यावा म्हणून हात कपाटाकडे गेला. दुसरा फर्मा, तिसरा, कागदाला काय तोटा. मी कपाटाचं दार लावलं, आणि ते लावताना जो आवाज झाला तो दिवसभर कानात राहिला.

"शेवटचा फर्मा आणलाय," मी तिच्या हातात ठेवत म्हणालो. "एवढाच वेगळा काढलाय. वजन नाही, नर्स काही म्हणणार नाही." तिनं अंगठा खाली घातला. दाबला. उशांवरून जराशी उठली. "एवढंच?" "एवढंच." "पुन्हा सूज येणार नाही?" "नाही." "शपथ?" "तुझ्याशी कधी खोटं बोललोय मी?" ती हसली. हसता हसता खोकली, तिला धरावं लागलं. मग पहिल्या पानावरून बोटाची टोकं हळूच फिरवत, पुस्तक परत घेताना फिरवायची तशी, ती म्हणाली, "पूर्वी खिळ्यांची छपाई असायची, अक्षर बोटाला लागायचं. आता काही लागत नाही." मी म्हणालो, "हल्लीची छपाई." "असेल," ती म्हणाली. "चपला दे माझ्या."

बसमध्ये बसल्यावर तिनं एकच अट घातली. पान ती उलटणार. मी कोऱ्या कागदाकडे बघत वाचू लागलो. आता खचायला खांब नव्हते, पूर आणायला जागा नव्हती. चष्मेवाला नवा इंजिनिअर कामाला पक्का निघाला. मी त्याला पक्का केला, दुसरं करता काय. एकेक कमान चढत गेली. नावाडीण रोज संध्याकाळी होडी ओढून वर घ्यायची आणि पाण्यावर पडलेली पुलाची सावली कालच्यापेक्षा किती पुढं आली ते बघायची. जन्मभर मी गोष्टी लांबवल्या. एखादी गोष्ट तिच्या मापानं सांगायची म्हणजे जीभ कशी जड होते ते मला तेव्हा कळलं. हॉस्पिटलचं फाटक आलं की अक्का एक पान उलटायची, नीट, कोपरा न दुमडता. मग चार तास ती उरलेली पानं, आधी सात, मग सहा, बोटांत हलकीशी धरून पडायची. नर्स म्हणाली, "आजी हल्ली शहाण्यासारख्या वागतात." ते यंत्र माझ्या पिशवीत तळाशी असायचं. भाचा विचारायचा, आईला त्याच्यावरूनच वाचून दाखवतोस ना? मी म्हणायचो, तिनं आतापर्यंत सव्वाशे पुस्तकं ऐकली, दुकानदार स्वतः घरी पाया पडायला आला होता.

त्या दिवशी आभाळ भरलं होतं, बसमध्ये दिवे लावले होते. अक्काच्या कपाळावर घाम होता. रात्रभर पाय आखडले, ती म्हणाली. मी नावाडिणीला काठावर बसवली, सगळं सावकाश घेतलं, होडीच्या फळ्यांचा वास सांगितला, ओल्या दोराचा सांगितला, माझ्या वाचण्यात वाऱ्यालासुद्धा घाई नव्हती. फाटक अजून लांब होतं. अक्कानं हात पुढं केला आणि पान उलटलं. मग बोट तिथंच ठेवून, शांतपणे, आणखी एक उलटलं.

"अक्का, दोन आली. चिकटली असतील."

"तूच शिवलाय ना?" ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली. "तुझ्या हातचं कधी चिकटलंय?"

तिच्या अंगठ्याखाली आता फार थोडं होतं. इतकं थोडं की दाबायला काही उरलं नव्हतं, नुसतं नख कागदावर टेकलं होतं. मी तिच्या हाताकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. उलटून गेलेल्या त्या पानावर एक अख्खी फेरी होती, दोन कमानी होत्या, एक पाऊस होता, नावाडिणीची धाकटी बहीण तिला भेटायला यायची होती, मी तिला येताना वाटेत ठेवलं होतं. "वाच," अक्का म्हणाली. "पुढं काय झालं?"

मी घसा खाकरला. पलीकडच्या काठावर, मी वाचलं, पूल टेकला होता.